थंडीने जागे होणारे बी: अंगणात बटरफ्लाय वीड लावण्याची रीत

शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, त्या रुईच्याच कुळातील एक रोप अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशात, म्हणजे प्रेअरीत, हजारो वर्षांपासून वाढत आले आहे. त्याचे नाव बटरफ्लाय वीड आणि शास्त्रीय नाव अॅस्क्लेपियस ट्यूबरोसा. नावात ‘वीड’, म्हणजे तण, असले तरी ते तण नव्हे. दीड-दोन फूट उंचीचे, वर्षानुवर्षे एकाच जागी टिकणारे आणि जून ते ऑगस्ट या काळात गर्द केशरी फुलांच्या झुबक्यांनी भरून जाणारे हे एक देखणे, काटक रोप आहे. शिकागोच्या उपनगरात राहायला आल्यावर पहिली काही वर्षे आमच्या अंगणात केवळ लॉन होते. आता त्याच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात या रोपांचा लहानसा ताटवा आहे. तो उभा करताना झालेल्या चुका नव्याने लावणाऱ्याने पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी ही रीत क्रमाने लिहीत आहे.

इलिनॉय या राज्याला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, पण हे नाव आज बहुतांशी नावापुरतेच उरले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. तिच्यापैकी चांगल्या स्थितीतील प्रेअरी आज एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकी उरली आहे. १८३७ साली जॉन डीअर या लोहाराने याच राज्यातील ग्रँड डिटूर गावी पोलादी नांगर घडवला आणि ज्या चिकट काळ्या मातीपुढे जुने नांगर हात टेकत होते ती माती उलटू लागली. पुढे तिथे मका आणि सोयाबीन आले. अंगणातल्या चार फूट वाफ्याने ती प्रेअरी परत येणार नाही, हे उघड आहे. मात्र जी मधमाशी किंवा जे फुलपाखरू लॉन आणि डांबर यांच्यामधून अन्न शोधत फिरते, त्याला मध्येच विसाव्याचे एक ठिकाण मिळते, आणि तेवढे काम हे रोप फार चोख करते.

आधी जागा, मग रोप

या रोपाला दोन गोष्टी हव्यात: दिवसाला किमान सहा तास, शक्यतो आठ तास, थेट ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा. बाकी जमीन कसदार असलीच पाहिजे असे नाही. वाळूमिश्रित, मुरमाड, खडकाळ जमिनीत ते उलट अधिक टिकते. बागकाम करणाऱ्या मराठी माणसाचा हात जमीन तयार करताना सवयीने शेणखताकडे जातो, तो इथे आवरावा. खत घातलेल्या जमिनीत रोप उंच आणि पोकळ वाढते, पावसाच्या सरीने आडवे पडते आणि फुलेही बेताचीच येतात.

निचरा तपासण्याची पद्धत सोपी आहे. सुमारे एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरले की पुन्हा एकदा भरावा आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. काही तासांत खड्डा रिकामा झाला तर जागा योग्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसले तर ती जागा या रोपाची नव्हे, कारण हिवाळ्यात ओल्या चिकणमातीत त्याचे मूळ कुजते. शिकागोच्या आसपास चिकणमातीच अधिक, आणि नव्या वसाहतींत तर घरे बांधताना वरची चांगली माती खरवडून काढलेली असते. अशा वेळी उताराची जागा निवडावी किंवा मातीत जाडी वाळू आणि बारीक खडी मिसळून सात-आठ इंच उंच वरंबा करावा. नुसती थोडी वाळू चिकणमातीत कालवल्याने मात्र माती विटेसारखी घट्ट होते, असा माझा अनुभव आहे. उंचवटा करणे हाच खरा उपाय. खोल खणायचे असल्यास आधी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या गॅसवाहिन्या आणि केबल यांच्या खुणा करून घ्याव्यात. ही सेवा विनामूल्य असते आणि खुणांचे छोटे झेंडे रोवले गेल्यावर आपल्याच अंगणाखाली काय काय आहे ते पाहून आश्चर्य वाटते.

ज्यांच्या अंगणात सखल, ओलसर जागाच आहे त्यांनी हट्ट न धरता याच वंशातील स्वॅम्प मिल्कवीड लावावे (या वंशातील रोपांना मिल्कवीड म्हणतात, आणि बटरफ्लाय वीड हेही एक मिल्कवीडच). त्याची गुलाबी फुलेही सुंदर असतात आणि छपरावरचे पाणी जिथे पडते तिथेही ते आनंदाने वाढते. तिसरे कॉमन मिल्कवीड. ते जमिनीखालून आडव्या मुळांनी पसरत जाते, त्यामुळे मोठ्या मोकळ्या जागेसाठी उत्तम, पण टाऊनहाऊसच्या चार हात अंगणात शेजाऱ्याशी वाद ओढवून घेणारे आहे. बटरफ्लाय वीड तसे पसरत नाही. एका सोटमुळावर ते जागच्या जागी रुंद होत जाते, म्हणून लहान अंगणासाठी आणि नीटनेटकेपणाविषयी कडक असलेल्या होमओनर्स असोसिएशनच्या वसाहतींसाठी मी आधी याचेच नाव सुचवते. वाफ्याला विटांची स्पष्ट कड दिली, तर तो दुर्लक्षित कोपरा न वाटता मुद्दाम केलेली लागवड आहे हे पाहणाऱ्याला कळते, आणि बरीचशी तक्रार तिथेच मिटते.

लॉन काढणे

लॉन काढण्यासाठी जमीन नांगरल्यासारखी उलटू नये. जमिनीत वर्षानुवर्षे झोपलेले तणांचे बी वर येते आणि पुढचा संपूर्ण उन्हाळा खुरपण्यात जातो. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये गवत अगदी खालपर्यंत कापून, त्यावर खोक्यांचे साधे तपकिरी पुठ्ठे एकमेकांवर सहा इंच चढवून अंथरावेत, चिकटपट्ट्या आणि पिना काढून टाकाव्यात, पुठ्ठे चिंब भिजवावेत आणि वर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर द्यावा. नोव्हेंबरपर्यंत खालचे गवत मेलेले असते. रोपे लावायची असतील तर पुठ्ठ्याला भोक पाडून लावता येतात. बी पेरायचे असेल तर ढलप्या आणि उरलेला पुठ्ठा बाजूला सारून माती उघडी करावी लागते, कारण या बियाला मातीचा थेट स्पर्श हवा.

बी कोणते घ्यावे

बी किंवा रोप शक्यतो आपल्याच राज्यातील, आपल्याच हवामानात वाढलेल्या झाडांचे असावे. टेक्सासमधील झाडाचे बी इलिनॉयच्या हिवाळ्यात उगवले तरी टिकेलच असे नाही. या भागातील स्थानिक रोपांच्या रोपवाटिका हिवाळ्यात बी विकतात आणि मे महिन्यात अनेक गावांत स्थानिक रोपांची विक्री भरते. तिथे मास्टर गार्डनर म्हणून काम करणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना कितीही प्राथमिक प्रश्न विचारला तरी ते कंटाळत नाहीत. राखीव प्रेअरीतून बी तोडून आणणे किंवा रोप उपटून आणणे नियमबाह्य आहे, आणि सोटमूळ तुटल्यामुळे उपटलेले रोप जगतही नाही.

रोप विकत घेताना विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: या रोपावर किंवा याच्या बियाण्यावर निओनिकोटिनॉइड वर्गातील कीटकनाशक वापरले आहे का? हे कीटकनाशक रोपाच्या रसात भिनते आणि पाने, पराग, मधुरस या सगळ्यांत उतरते. ज्यांच्यासाठी आपण रोप लावतो, त्यांच्याच पानात विष वाढण्यासारखे ते होते. उत्तर ठामपणे मिळाले नाही तर रोप परत ठेवून द्यावे.

आणखी एका गफलतीबद्दल सांगितले पाहिजे. मोठ्या दुकानांत ‘मिल्कवीड’ म्हणून लाल-पिवळ्या फुलांचे एक रोप मिळते, ते आपल्याला ओळखीचे वाटते, कारण महाराष्ट्रातील बागांत ते हळदीकुंकू या नावाने लावलेले असते. ते ट्रॉपिकल मिल्कवीड. ते मूळचे उष्ण प्रदेशातील असून इलिनॉयच्या थंडीत मरते. आणि टेक्सास, फ्लोरिडासारख्या ज्या भागांत मरत नाही, तिथे वर्षभर हिरवे राहिल्यामुळे त्याच्या पानांवर मोनार्क फुलपाखरांना ग्रासणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात. ओळखीच्या फुलाचा मोह मलाही झाला होता. तरीही इथल्या अंगणात इथले रोप लावणेच बरे.

थंडीचे काम

आता या लेखातील मुख्य गोष्ट. बटरफ्लाय वीडचे बी पाकिटातून काढून मे महिन्यात कुंडीत पेरले तर त्यातील फारच थोडे उगवते. बी खराब नसते, ते केवळ झोपलेले असते. शरद ऋतूत शेंग फुटून जमिनीवर पडलेले बी लगेच उगवले तर कोवळे रोप हिमात मरेल, म्हणून ओल्या थंडीचे काही आठवडे अनुभवल्याशिवाय ते जागेच होत नाही. आपल्याकडे रोहिणीचा पाऊस पडेपर्यंत शेतकरी थांबतो. इथे बी स्वतःच हिवाळा सरेपर्यंत थांबते. ही थंडी त्याला तीन प्रकारे देता येते.

पहिला प्रकार सर्वांत कमी कष्टाचा: नोव्हेंबरच्या मध्यानंतर, जमीन गार झाली पण गोठली नाही अशा वेळी, बी थेट वाफ्यात पेरावे. बी चपटे, तपकिरी, जवसापेक्षा मोठे आणि कडेला पातळ पापुद्रा असलेले असते. ते मातीवर टाकून तळहाताने किंवा पायाने दाबावे आणि वर पाव इंचाहून जास्त माती घालू नये. पेरल्या जागी काडी रोवून ठेवावी. खारी, पक्षी आणि वाहून नेणारे पाणी यांचा वाटा धरून बी जरा सढळ हाताने टाकावे.

दुसरा प्रकार फ्रीजमधला. मूठभर स्वच्छ वाळू ओली करावी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतकीच ओल असावी. तीत बी मिसळून ते पिशवीत घालावे आणि पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किमान ३० दिवस, शक्यतो सहा ते आठ आठवडे ठेवावी. फ्रीझरमध्ये ठेवू नये. मार्चच्या आरंभी ठेवले तर एप्रिलअखेरीस पेरता येते. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव आणि तारीख लिहावी, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या वर्षी माझी पिशवी कोथिंबिरीच्या शेजारी होती आणि पुण्याहून आलेल्या आईने ओले होऊन वाया गेलेले जवस समजून ती टाकून दिली. दोष तिचा नव्हता.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तोच सुचवीन. दुधाचा एक गॅलनचा अर्धपारदर्शक कॅन धुऊन घ्यावा. तळाला तापलेल्या खिळ्याने सहा-सात भोके पाडावीत. कॅन मधोमध आडवा कापावा, पण मुठीखालचा दोन इंच भाग न कापता बिजागरीसारखा ठेवावा, म्हणजे वरचा भाग झाकणासारखा उघडतो. खालच्या भागात चार इंच कुंडीची माती भरून ती पूर्ण भिजवावी, वीस-पंचवीस बिया अंतरा-अंतराने टाकून वर मातीचा पातळ थर द्यावा, कॅन बंद करून कापलेल्या कडेला रुंद चिकटपट्टी लावावी आणि वरचे बूच काढून टाकावे. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत हा कॅन अंगणात उन्हाच्या जागी ठेवून विसरून जावा. बूच नसलेल्या तोंडातून बर्फ आणि पाऊस आत जातात, माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते. खारींना आत शिरता येत नाही. एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात एके सकाळी आत वाकून पाहावे तर हिरवी जोडपाने उभी असतात. त्यानंतर मात्र लक्ष द्यावे लागते, कारण उन्हात कॅनच्या आतील हवा तापते. दिवसा झाकण उघडे ठेवावे आणि माती सुकू देऊ नये.

लावणी आणि पहिले वर्ष

कॅनमधील रोपांना चार-सहा खरी पाने आली की ती हलवावीत. उशीर करू नये, कारण पानांच्या मानाने मूळ फार वेगाने खाली जाते आणि एकदा लांब झालेले सोटमूळ मोडले की रोप बसते. मातीचा लाडवाएवढा गोळा सांभाळून, मूळ वाकडे न करता, खड्ड्यात सरळ सोडावे. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. किमान तीन, जमल्यास पाच-सहा रोपे एकत्र लावावीत. यामागे दोन कारणे आहेत: उडत जाणाऱ्या मधमाशीला एकटे फूल दिसण्यापेक्षा केशरी ठिपका दिसणे सोपे जाते, आणि बहुतेक रोपांत स्वतःच्या परागांनी बी धरत नाही, त्याला दुसऱ्या रोपाचा पराग लागतो.

लावल्यावर पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा खोल पाणी द्यावे. रोज शिंपडू नये. वरवर पाणी मिळाले तर मूळ खाली कशाला जाईल? दुसऱ्या वर्षापासून अगदीच कडक दुष्काळ पडल्याखेरीज पाण्याची गरज पडत नाही. कोवळी रोपे सशांना आवडतात, म्हणून पहिल्या वर्षी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी भोवती गोल लावावी.

पहिल्या वर्षी रोप वीतभर वाढते आणि फूल येत नाही. दुसऱ्या वर्षी क्वचित एखादा झुबका येतो, तिसऱ्या वर्षी खरा बहर दिसतो. या काळात रोप आजारी आहे असे समजून खत घालणे, जागा बदलणे, रोज पाणी घालणे हे सगळे मोह टाळावेत. ते वाढत असते, पण आपल्याला दिसत नाही अशा दिशेने.

याच संदर्भात माझी सर्वांत महागात पडलेली चूक सांगते. बटरफ्लाय वीड वसंतात फार उशिरा जागे होते. एप्रिलमध्ये डॅफोडिल फुलून जातात, शेजारच्या रोपांना पाने येतात आणि याच्या जागी नुसती माती असते. पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यानंतर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी ‘मेलेले’ रोप काढून जागा मोकळी करायला घेतली. खुरप्याला काहीतरी जाड लागले आणि गाजर मोडावे तसा कट् असा आवाज झाला. वर काढले तर बोटाएवढे पांढरट, रसरशीत मूळ, आणि त्याच्या माथ्यावर तांदळाच्या दाण्याएवढे दोन गुलाबीसर कोंब. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी मी आइस्क्रीमची काडी रोवते आणि मेचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत त्या जागी हत्यार लावत नाही.

फुलात काय घडते

पहिला बहर आला की एक भिंग घेऊन फुलाजवळ बसावे. पाच पाकळ्या खाली वळलेल्या असतात आणि त्यांच्यावर पाच छोटे केशरी पेले उभे असतात. प्रत्येक पेल्यातून एक बारीक शिंग डोकावते. मधुरस त्या पेल्यांत असतो. दोन पेल्यांच्या मध्ये एक उभी फट असते आणि सगळी युक्ती तिथे आहे. मोठी मधमाशी किंवा फुलपाखरू मधुरस पिताना फुलाच्या गुळगुळीत अंगावरून घसरते आणि तिचा पाय त्या फटीत अडकतो. पाय ओढून काढताना फटीच्या वरच्या टोकाला असलेली काळी सूक्ष्म चिमटी पायाला बसते आणि चिमटीला दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या पिवळ्या परागपिशव्या, घोड्याच्या पाठीवरच्या पडशीसारख्या, बाहेर येतात. इतर फुलांप्रमाणे इथे पराग भुकटीसारखा अंगाला लागत नाही. तो अख्खा गठ्ठाच जातो. ती पिशवी दुसऱ्या रोपाच्या फुलातील तशाच फटीत नेमकी बसली तरच बी धरते. इतका नेमका योग क्वचितच जुळतो, म्हणून शेकडो फुलांच्या ताटव्यावर शेंगा मोजक्याच दिसतात, आणि त्यात आपले काही चुकलेले नसते. एखादी लहान माशी पाय सोडवू न शकल्याने तिथेच मेलेली आढळते, तेही या रचनेचेच फळ.

भुंग्यासारख्या केसाळ बंबलबी, लहान रानमाश्या, गांधीलमाश्या, हमिंगबर्ड आणि अनेक जातींची फुलपाखरे या फुलांवर येतात. लोक मात्र विचारतात ते मोनार्कविषयी. नारिंगी-काळ्या पंखांचे हे फुलपाखरू आपल्याकडे रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरचे सख्खे नातलग आहे, आणि त्याची अळी मिल्कवीडखेरीज दुसरे काही खात नाही. उत्तर इलिनॉयमध्ये ते मे महिन्यापासून दिसू लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मलेली पिढी दक्षिणेला निघते आणि मेक्सिकोच्या मिचोआकान भागातील डोंगरांवरील ओयामेल फर वृक्षांवर हिवाळा काढते. वैज्ञानिक जगाला ते ठिकाण १९७५ च्या आरंभी कळले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या वन्यजीव विभागाने या फुलपाखराला ‘धोक्यातील’ जातींच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला.

इथे एक प्रामाणिक खुलासा आवश्यक आहे. मोनार्क बटरफ्लाय वीडवर मधुरसासाठी आवर्जून येते, पण अंडी घालण्यासाठी मादीला कॉमन किंवा स्वॅम्प मिल्कवीड अधिक पसंत असते. या वंशातील इतर रोपांत पांढरा चीक आणि त्यातील कडू विषारी द्रव्ये भरपूर असतात; अळी ती अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिला टाळतात. बटरफ्लाय वीडचा रस पाण्यासारखा असतो, पान तोडले तर रुईसारखा चीक येत नाही, आणि त्यात ती द्रव्येही कमी असतात. म्हणून अळ्या पाहायच्याच असतील तर वाफ्याच्या ओलसर टोकाला एक-दोन स्वॅम्प मिल्कवीडही लावावीत. अंडे पानाच्या खालच्या बाजूला एकेकटे घातलेले, टाचणीच्या डोक्याएवढे, मलईच्या रंगाचे असते. चारेक दिवसांत अळी बाहेर येते, सुमारे दोन आठवडे पाने खाते आणि तेवढेच दिवस सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या कोशात राहते. पाने कुरतडली गेली म्हणून घाबरू नये. ती त्यासाठीच लावली आहेत.

मावा आणि इतर पाहुणे

जुलैत कोवळ्या शेंड्यांवर चकचकीत पिवळा मावा दाट बसतो. काळ्या पायांचा हा मावा आपल्याकडे कण्हेरीवर आणि रुईवर येतो तोच. तो दिसायला वाईट असला तरी सुदृढ रोपाला मारत नाही. फारच झाला तर आधी अंडी-अळ्या नाहीत हे पाहून पाण्याची जोरदार धार मारावी किंवा ओल्या बोटांनी पुसून काढावा. साबणाचे पाणी, कडुनिंबाचे तेल आणि इतर कोणतीही फवारणी नको, कारण माव्याला मारणारी गोष्ट अळीलाही सोडत नाही. डास मारण्यासाठी अंगणात फवारणी करणाऱ्या सेवा इथे सर्रास घेतल्या जातात. आपल्या घरी ती बंद करावी आणि शेजारी घेत असतील तर फवारणीच्या दिवसाबद्दल त्यांच्याशी गोडीने बोलावे. शेंगांवर लाल-काळे ढेकूणवर्गीय किडे येतात, ते बी शोषतात. बी हवे असेल तर शेंगेला पातळ जाळीची पिशवी बांधावी.

रोप हाताळल्यावर हात धुवावेत आणि डोळ्यांना लावू नयेत. लहान मुलांना हे रोप तोंडात घालायचे नसते हे आधीच सांगून ठेवावे, आणि घरात पाळीव जनावर असेल तर त्यालाही ते चघळू देऊ नये.

सोबतीला लिटल ब्लूस्टेम हे बुटके प्रेअरी गवत लावले तर बटरफ्लाय वीडच्या फांद्यांना आधार मिळतो आणि हिवाळ्यात तांबूस गवतामुळे वाफा उजाड दिसत नाही. जांभळे कोनफ्लॉवर जुलै-ऑगस्टसाठी आणि अॅस्टर सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी असावे, म्हणजे दक्षिणेला निघालेल्या मोनार्कला वाटेत शिदोरी मिळते. एवढी तीन-चार रोपे एकत्र कशी दिसतात हे लावण्यापूर्वी पाहायचे असल्यास शिकागोजवळच्या लायल येथील मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातील शुलेनबर्ग प्रेअरीत जुलैमध्ये एक फेरी मारावी. १९६२ पासून शेतजमिनीवर नव्याने उभी केलेली ही प्रेअरी आहे, आणि तिथल्या उंच गवतात केशरी झुबके दुरूनही ओळखू येतात.

शरदातील कामे

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उभ्या, निमुळत्या शेंगा तपकिरी होऊ लागतात. शेंगेची शिवण अंगठ्याने हलकेच दाबल्यावर आपोआप उघडली आणि आतील बी तपकिरी दिसले तर ते तयार आहे. पांढरे असेल तर थांबावे. शेंग पूर्ण फुलण्याआधीच मधला रेशमी गाभा टोकाला चिमटीत धरून बी खाली ओढले की ते धाग्यांपासून सुटे होते. उशीर झाला तर लहानपणी ज्या म्हाताऱ्यांमागे आपण धावलो, तशाच म्हाताऱ्या सगळ्या अंगणभर उडतात. आमच्या मुलीला पहिल्यांदा ‘म्हातारी’ हा शब्द कळला तो याच रोपामुळे. सुटे केलेले बी कागदी पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून बुरशी येते. हे बी भेट म्हणून भारतात नेऊ नये. परदेशातील बी परवानगीवाचून नेणे नियमात बसत नाही, आणि तिथल्या फुलपाखरांसाठी कुंपणाजवळची रुई न तोडणे पुरेसे आहे.

वाळलेले देठ हिवाळाभर उभेच ठेवावेत. रोपाची जागा त्यामुळे कळते, आणि बर्फ त्यांच्याभोवती अडकून मुळांवर पांघरूण राहते. एप्रिलच्या मध्यावर ते वीतभर उंचीवर कापावेत, कापलेले देठ वाफ्याच्या मागच्या बाजूला रचून ठेवावेत, ढलप्यांचा थर रोपाच्या माथ्यावरून बाजूला सारावा आणि काडी जागेवर आहे ना, एवढे पाहून घ्यावे.